भाकड दिवसांचा हिशेब

(आपल्या १९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. आकडे तेवढे वहीत पुन्हा तपासून घेतले.)



आयोजकांनी मला विषय दिला, 'छोट्या व्यवसायातलं यशाचं गमक'. मी म्हटलं, यशावर बोलायला आपल्या तुकडीत माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत. मला माझ्या चुकलेल्या गणितावर बोलू द्या. आमचे गणिताचे सर समोर बसले आहेत. सर, दहावीत माझे गणितात ५३ मार्क होते, तुम्हाला आठवत नसतील, पण मला आठवतात. तुम्ही फळ्यावर उदाहरण सोडवून झालं की खडू खाली ठेवण्याआधी विचारायचात, "ताळा केला का?" आम्ही एका सुरात "हो सर" म्हणायचो, आणि कुणीच केलेला नसायचा. ती सवय मला पुढे महागात पडली. एकट्यालाच नव्हे, आपल्यातल्या आणखी एकाला.

तुम्हाला माहीतच आहे, माझं कामशेतला पनीर आणि खव्याचं छोटं युनिट आहे. लोणावळा, खंडाळा, कार्ला इथल्या हॉटेलांना माल जातो. २०१९ साली धंदा जोरात होता. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग, हॉटेलांना पनीर पुरत नव्हतं. मला दूध कमी पडत होतं. तेव्हा मी नाणे मावळातल्या आपल्या एका वर्गमित्राकडे गेलो. नाव घेत नाही, तो आत्ता या सभागृहातच बसला आहे. हे सांगायची परवानगी त्याच्याकडून घेतली आहे, एका अटीवर. अट शेवटी सांगतो.

त्याच्याकडे तेव्हा दोन गाई होत्या. मी त्याला म्हटलं, "दहा संकरित गाई घे. कर्ज होतं. दूध सगळं मी घेतो, लिटरला ३० रुपयांनी." आणि त्याच्या ओटीवर बसून एका कागदावर हिशेब मांडला. तो कागद त्याने जपून ठेवला आहे. आकडे असे होते.

एक गाय रोज १२ लिटर दूध देणार. ३० रुपयांनी ३६० रुपये. खुराक, वैरण, औषधपाणी, वीज धरून खर्च २२० रुपये. गाईमागे रोज १४० रुपये सुटतात. दहा गाईंचे १,४००, म्हणजे महिन्याला ४२,०००. गाई घ्यायला ८ लाखांचं कर्ज, पाच वर्षांची मुदत, हप्ता १७,००० च्या आसपास. हप्ता भरून २५,००० हातात. कागद त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "बघ, नोकरीत तरी मिळतात का?"

चहा घेऊन वहिनी बाहेर आल्या. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या हिशेबात गाय कधी भाकड होतच नाही."

मी हसलो. आज सांगतो, त्या एका वाक्यात जे शहाणपण होतं, ते मला बँकेच्या प्रकल्प अहवालातही दिसलं नव्हतं.

बायाबापड्यांना हे सांगायला नको, पण आपल्यातले बरेच जण आता पिंपरी-चिंचवडला फ्लॅटमध्ये राहतात, म्हणून सांगतो. गाय व्यायली की साधारण दहा महिने दूध देते. पुढच्या वेताआधी दोन महिने तिला आटवावं लागतं. हे सगळं पुस्तकाप्रमाणे झालं तर. प्रत्यक्षात गाय वेळेवर माजावर येत नाही, भरवली तरी उलटते, एकेक महिना पुढे जातो. म्हणून दहा गाईंच्या गोठ्यात दूध देणाऱ्या सात धराव्या, तीन भाकड. भाकड गाय दूध देत नाही, पण खाते. तिचा खर्च रोजचा ९० रुपये धरा.

आता तोच हिशेब पुन्हा मांडू. सात गाईंचे ९८० रुपये. त्यातून तीन भाकड गाईंचे २७० वजा. उरले ७१०. महिन्याला २१,३००. हप्ता १७,०००. हातात ४,३००. कुठे २५,००० आणि कुठे ४,३००! आणि हे सगळं सुरळीत चाललं, भाव ३० च राहिला, एकही गाय आजारी पडली नाही, तर. सर, हा ताळा मी २०१९ मध्ये केला असता तर दोन मिनिटं लागली असती.

मग आला २४ मार्च २०२०. रात्री टीव्हीवर लॉकडाऊन जाहीर झाला. माझा जवळजवळ पाऊण माल एकाच मोठ्या हॉटेलला जात होता. त्या हॉटेलला कुलूप लागलं. त्यांच्याकडे माझं १ लाख ९० हजारांचं बिल अडकलं, ते अडकलंच. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी मित्राला फोन केला, "आजपासून दूध आणू नकोस." तो एवढंच म्हणाला, "धार काढून झालीय रे."

मित्रांनो, हे वाक्य मी विसरू शकत नाही. कारखाना बंद करता येतो, दुकानाचं शटर ओढता येतं. गाईला उद्यापासून दूध देऊ नकोस असं सांगता येत नाही. दुधाच्या धंद्यातला हा मूळचा धोका आहे. माल रोज तयार होतो, दिवसातून दोनदा होतो, आणि काही तासांत विकला नाही तर नासतो. म्हणून भाव ठरवताना दूधवाल्याचा हात नेहमी खाली असतो.

त्याने दूध संकलन केंद्रावर न्यायला सुरुवात केली. पण केंद्रांवरही दुधाचा पूर आला होता, कारण हॉटेलं बंद, मिठाईची दुकानं बंद, लग्नं बंद. जादा दुधाची पावडर करतात, आणि पावडरीचा भाव पडलेला. सरकारने रोज १० लाख लिटर जादा दूध घेऊन पावडर करायची योजना आणली, तरी गावात हातात पडत होते २० रुपये. कधी त्याहून कमी. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर दूध आंदोलनं झाली ती यामुळेच. २० रुपयांनी हिशेब करा. गाईमागे २० रुपये सुटतात, सातांचे १४०. भाकड तिघींचा खर्च २७०. म्हणजे रोज १३० रुपये घरातून घालायचे, आणि हप्ता वेगळा. बँकेने सहा महिने हप्त्याला सवलत दिली, पण व्याज चालूच होतं. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. मावळात किती घरांचे, गोठ्यांचे, पॉलिहाऊसचे पत्रे आणि कागद उडाले ते तुम्ही पाहिलं आहे. त्याच्या गोठ्याचे निम्मे पत्रे ओढ्यात सापडले.

आणि अशा ओढाताणीत त्याने एक गोष्ट केली, जी आपण सगळेच करतो. खर्च वाचवायला गाईंच्या विम्याचा हप्ता सोडला. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी आला. गुरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत डॉक्टर गावोगाव फिरत होते. त्याच्या दोन गाई गेल्या. सरकारी मदत दुभत्या गाईला ३०,००० रुपये होती, ती मिळाली. पण गाय ८०,००० ची होती. विमा असता तर उरलेलं बरंचसं भरून निघालं असतं. आपण छत्री उन्हाळ्यात घेऊन फिरतो आणि पावसाळ्यात विकतो, तसला हा प्रकार.

उरलेल्या गाईंपैकी चार त्याने विकल्या, रानाचा एक तुकडाही विकला, आणि कर्ज फेडलं. मी दोन वर्षं त्याच्या दारात गेलो नाही. तोंड नव्हतं. शेवटी तोच एक दिवस युनिटवर आला आणि म्हणाला, "तू निदान फोन तरी केलास. बाकीच्यांनी फोन उचलायचं सोडलं होतं." मग आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो, आणि वहिनींनी त्यांची वही काढली.

ती वही हे आजच्या भाषणाचं खरं कारण. शंभर पानी, शाळेत वापरतो तसली. डाव्या पानावर रोजचं दूध, फॅट, एसएनएफ आणि मिळालेला भाव. उजव्या पानावर खर्च, घरचा वेगळा आणि गोठ्याचा वेगळा. प्रत्येक महिन्याखाली लाल पेनने एक आकडा. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "या महिन्यात दूध नसतं तर किती लागले असते, तो आकडा." म्हणजे भाकड दिवसांचा खर्च. त्या बाईने सातवीत शाळा सोडली आहे. धंद्यातल्या धोक्याबद्दल मी बरीच व्याख्यानं ऐकली, पण एवढं सोपं उत्तर कुणी दिलं नाही. आपण सगळे 'किती मिळेल' हे आधी विचारतो. वहिनी 'काहीच मिळालं नाही तर किती दिवस निभेल' हे आधी विचारतात.

हे फक्त गाईंना लागू आहे असं समजू नका. आपल्या तुकडीत कोण कोण आहे बघा. कुणाचं चिक्कीचं दुकान, कुणाचे टेंट पवना धरणाच्या काठाला, कुणाची टुरिस्ट गाडी, कुणाचं पवन मावळात गुलाबाचं पॉलिहाऊस, कुणाचा इंद्रायणी तांदूळ. प्रत्येकाच्या धंद्याला भाकड दिवस आहेत. गुलाबवाल्याचं सगळं लक्ष १४ फेब्रुवारीवर. टेंटवाल्याचं शनिवार-रविवारवर. या वर्षी ३० जूनला भुशी धरणाच्या मागे एका कुटुंबातली माणसं वाहून गेली. नंतर पर्यटनस्थळांवर बंधनं आली. माणसांचे जीव आधी, त्यात वाद नाहीच. पण ज्याने वर्षाचा हप्ता पावसाळ्याच्या आठ आठवड्यांवर लावला होता, त्याचं काय झालं ते त्याला विचारा.

आणि आपल्या लोणावळ्याला हे नवीन नाही. चिक्कीचीच गोष्ट घ्या. बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी रेल्वेच्या कामावरच्या मजुरांत खपायची, असं सांगतात. मजूर गेले, मग गिऱ्हाईक झाले गाडीतले प्रवासी. मग मोटारवाले आले. २००० ते २००२ मध्ये एक्स्प्रेस वे झाला आणि गाड्या गावाबाहेरूनच जायला लागल्या, तेव्हा आपल्या किती जणांनी जुन्या हायवेवरची हॉटेलं बंद केली! जे टिकले त्यांनी गिऱ्हाईक बदललं, जागा बदलली. आता कुसगावहून खोपोलीकडे मिसिंग लिंकचं काम चालू आहे. रस्ता पुन्हा बदलणार. ज्याचं दुकान एकाच वळणावर उभं आहे त्याने आजच विचार करावा. वळण सरळ झाल्यावर नाही.

मी आणि मित्र, आम्ही दोघांनी वहीवरून काही नियम काढले. चार-पाचच आहेत.

पहिला. निम्म्यापेक्षा जास्त माल एकाला घालायचा नाही. भाव दोन रुपये जास्त देत असला तरी नाही. ते दोन रुपये म्हणजे आपण विकलेली मोकळीक असते. मित्राकडे आज चार गाई आणि एक म्हैस आहे. सकाळचं १५ लिटर दूध वहिनी कामशेतात रतिबाने घालतात, काही केंद्रावर जातं, थोडं माझ्याकडे. मीही कुठल्याच हॉटेलला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त पनीर देत नाही.

दुसरा. हप्ता चांगल्या महिन्यावर ठरवायचा नाही, वाईट महिन्यावर ठरवायचा. बँकेचा साहेब तुमची चांगली बाजू बघून कर्ज मंजूर करतो. वाईट बाजू आपणच बघायची. दोन गाईंवरून चारवर जा. गोठ्यात झालेली कालवड वाढवा. दोनाच्या एकदम दहा करू नका. दहा गाई सांभाळण्याची अक्कल दोन गाई सांभाळून येत नाही.

तिसरा. विमा आणि कानातला बिल्ला. तंगीच्या वर्षी सगळं सोडा, विमा सोडू नका. बिल्ला पडला तर लगेच दुसरा मारून घ्या, कारण बिल्ल्यावाचून दावा अडतो. या वर्षी दुधाचा भाव २६-२७ पर्यंत घसरला तेव्हा सरकारने लिटरला आधी ५ आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान दिलं. तेही बिल्ल्याची नोंद आणि बँक खातं बघूनच. ज्यांची नोंद नव्हती ते रांगेतच राहिले.

चौथा, माझ्यासारख्या युनिटवाल्यांसाठी. उद्यम नोंदणी करा आणि प्रत्येक ऑर्डर लेखी घ्या. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर व्याज लागतं. माझी तेव्हा नोंदणीच नव्हती, आणि ऑर्डर सगळ्या फोनवर. १ लाख ९० हजार ही माझी त्या धड्याची फी.

पाचवा. तीन महिन्यांचा खर्च बाजूला. गोठा असेल तर तीन महिन्यांची वैरणसुद्धा. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, तेव्हा पेंढा भिजला की संपलं. माळ्यावर कोरडा पेंढा असलेला माणूस भाव पडला तरी गाय घाईने विकत नाही. घाईने विकलेली गाय नेहमी स्वस्त जाते.

एक मात्र खरं, काही धोके एकट्याच्या वहीने सुटत नाहीत. पावडरीचा जगातला भाव पडला तर नाणे मावळातला एकटा शेतकरी काय करणार? तिथे एकत्र यावंच लागतं. गुजरातेत १९४६ मध्ये खेड्यातल्या दूधवाल्यांनी संघ काढला. पुढे १९५५ मध्ये त्यांनी पावडरीचा कारखाना उभारला तो यासाठीच, की हिवाळ्यातलं जादा दूध फेकावं लागू नये. म्हणजे भाकड दिवसांची तजवीज. आपल्याच तालुक्यात टाटा पॉवरच्या मदतीने बायकांनी 'मावळ डेअरी' उभी केली. दूध घालणाऱ्या बायकाच तिच्या भागधारक. त्यांनाही भावाचे चढउतार आहेतच, पण वाटाघाटीला बसताना त्या एकट्या नसतात. आणि त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, आपल्या तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून तो फंड जमवला होता. एका माणसाचा पैसा बुडाला तर त्याची चूल विझत नाही, आणि हजारोंचा जमला तर भट्टी पेटते. धोका वाटून घेणं याचा अर्थ इतका सरळ आहे.

आता मित्राची अट. तो म्हणाला, "माझी गोष्ट सांग, पण नुसतं ऐकून टाळ्या वाजवून लोक जेवायला जाणार असतील तर सांगू नकोस." आपल्यापैकी अनेकांची मुलं आज धंदा काढायच्या विचारात आहेत. जमिनीचे पैसे आले आहेत, अंगात उमेद आहे, आणि कुणीतरी माझ्यासारखा कागद घेऊन ओटीवर येऊन बसला आहे. म्हणून आम्ही ठरवलं आहे की मुख्याध्यापकांच्या परवानगीने दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला, आम्ही दोघं शाळेत बसू. वहिनीही येणार आहेत, वही घेऊन. आपल्या शाळेच्या कुठल्याही तुकडीच्या मुलाने, मुलीने कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद घेऊन यावं. कर्ज घे किंवा घेऊ नकोस, हे आम्ही सांगणार नाही. आम्ही एवढंच विचारू, यात भाकड दिवस कुठे धरले आहेत? बँकेत नोकरी केलेले आपल्यातले दोघं, आणि पशुवैद्यक झालेली आपली मैत्रीण, यांनाही मी आत्ता सगळ्यांसमोर आमंत्रण देतो. नाही म्हणायला जागा ठेवलेली नाही.

सर, तुम्हालाही विनंती आहे. महिन्यातून एकदा या. काही करू नका, नुसते त्या खुर्चीवर बसा. एखादा पोरगा महिन्याला पंचवीस हजारांचा हिशेब मांडून झाला की त्याला एवढंच विचारा, ताळा केला का?